आधी बर्क वाचावा की ओकशॉट?

कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरा जपत सावकाश बदलावं असं मानणारा, विचार मुळातून वाचायचा, तर बहुतेकांची गाडी या दोन नावांपाशी अडते: अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार एडमंड बर्क आणि विसाव्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉट.

मेहनत पाहिली तर ओकशॉट सोपा. त्याचा १९५६चा ‘ऑन बीइंग कॉन्झर्व्हेटिव्ह’ हा निबंध एका बैठकीत संपतो. बर्कचं फ्रेंच क्रांतीवर टीका करणारं १७९०चं पुस्तक, ‘रिफ्लेक्शन्स ऑन द रिव्होल्यूशन इन फ्रान्स’, म्हणजे प्रकरणं नसलेलं एकच लांबलचक पत्र. त्या क्रांतीची जुजबी माहिती नसेल तर पन्नासाव्या पानापर्यंतच दम संपतो.

जगण्याला अर्थ कुठून येतो? बर्क म्हणतो, मेलेले, जिवंत आणि अजून जन्मायचे, अशा सगळ्यांच्या भागीदारीतून. ओकशॉटला एवढा मोठा पट लागत नाही. मैत्री, किंवा मासा लागो न लागो, गळ टाकून बसणं त्याला पुरतं.

इतिहासाच्या सत्याबाबत मात्र बर्क जपून वाचा. क्रांतीत जमाव राजवाड्यात घुसला तेव्हा फ्रान्सच्या राणीच्या दारावरचा पहारेकरी कापला गेला, असं तो लिहितो. प्रत्यक्षात पहारेकरी जखमी झाला, पण वाचला. क्रांतीची बाजू घेणाऱ्या थॉमस पेनने बर्कला दिलेलं १७९१चं उत्तर, ‘राइट्स ऑफ मॅन’, म्हणूनच सोबत ठेवावं. ओकशॉट तर आजच्या भांडणासाठी वापरलेला भूतकाळ आणि इतिहासकाराचा भूतकाळ वेगळेच मानतो. आपल्याकडे पुतळे नि जयंत्यांवरून वाद पेटतात तेव्हा हा फरक फार कामाचा.

राजकारणात ओकशॉट थंड: सरकारने नियम सांभाळावेत, स्वप्नं विकू नयेत. बर्क तापतो. बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर भारतातल्या गैरकारभारासाठी चाललेला खटला त्याने १७८८ ते १७९५ लढवला आणि हरला.

परंपरा का टिकवायची, हा प्रश्न असेल तर बर्क घ्या. राजकारणाकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरवायचं असेल, किंवा वेळच कमी असेल, तर ओकशॉट.