मांडीखालचा भरतकामाचा स्टँड: चिकनगुनियानंतर, वेंगुर्ल्याच्या दमट हवेत

मांडीखाली सरकवून वापरायचा हा लाकडी स्टँड मी मागच्या दिवाळीनंतर मागवला. मे महिन्याचा घाम आणि पूर्ण पावसाळा त्याने काढलाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि ऑनलाइन हीच वस्तू चार वेगवेगळ्या नावांनी दिसते. एक चपटी फळी, तिच्यावर उभा दांडा, दांड्याच्या टोकाला आठ इंची गोल रिंग. फळी मांडीखाली घेतली की रिंग आपोआप पोटासमोर येते. उंची आणि कल बदलायला हाताने फिरवायचे स्क्रू आहेत.

हातांबद्दल सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. चिकनगुनियाचा ताप लवकर उतरला, पण सांधे त्यानंतर किती तरी महिने धरलेले. हा आजार बऱ्याच जणांना असाच रेंगाळून छळतो. सकाळी मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायचा. शेजारच्या काकी रोज गडग्यापलीकडून विचारायच्या, "काय गो, बरा वाटता मां आता?" बरं वाटायचंही, पण कपाटातलं भरतकामाचं मॅटी कापड आणि अँकर दोऱ्याच्या लड्या बघवायच्या नाहीत.

लोक विचारतात, सुई धरवते का? सुईचं एवढं काही नाही. सुईचा हात निदान हलत असतो. खरा दुखतो तो डावा, रिंग पकडणारा. अंगठा आणि तर्जनी तासभर एकाच चिमटीत, आणि आखडलेल्या सांध्याला न हलता धरून ठेवण्याइतकं जड काम नाही. हा स्टँड नेमकं तेवढंच काम आपल्याकडून काढून घेतो. मला भरतकाम परत मिळालं ते यामुळे, आणि याच एका गोष्टीसाठी मी तो पुन्हा विकत घेईन.

डावा हात मोकळा झाला की भरण्याची पद्धतही बदलते, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत. आपण घरी शिकलेल्या बायका कापड जरा सैल ठेवून सुई एकाच झटक्यात आत घालून बाहेर काढतो. स्टँडवर कापड ताणलेलं असतं, तिथे ते जमत नाही. एक हात वर, एक खाली, सुई सरळ खाली टोचायची आणि खालच्या हाताने परत वर द्यायची. जरदोजीचे कारागीर अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीवर, बसतात तेव्हा त्यांचाही एक हात कापडाखालीच असतो. सुरुवातीला खालचा हात आंधळा असतो, सुई भलत्याच घरातून वर येते. सवय झाल्यावर फुलीचे टाके पूर्वीपेक्षा एकसारखे पडायला लागले. साखळी टाका मात्र या पद्धतीने कंटाळवाणा होतो, तो मी अजून स्टँड बाजूला ठेवून सैल कापडावरच घालते, थोडा थोडा.

आता राग. ज्यांचे हात दुखतात त्यांच्यासाठी म्हणून ही वस्तू विकतात, आणि रिंग आवळायचा स्क्रू मात्र चिंचोक्याएवढा! तो चिमटीत धरून पिळायचा म्हणजे जे टाळायला पैसे दिले तेच पुन्हा. पहिले काही आठवडे मुलगा कामावर जाण्याआधी आवळून द्यायचा. मग दोन उपाय केले. आतल्या रिंगेला सुती पट्टी घट्ट गुंडाळली. पट्टीमुळे कापड घसरत नाही, त्यामुळे फार आवळावंच लागत नाही. आणि सावंतवाडीला गेले तेव्हा चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून स्क्रूवर बसेल असा लाकडी गोळा करून घेतला, लाल लाखेच्या रंगाचा. तो अख्ख्या तळव्यात मावतो, बोटांना जोरच लावावा लागत नाही. बनवणाऱ्यांना हे आधी का सुचू नये?

आपल्याकडच्या हवेचाही विचार करावा लागतो. जुलैत लाकूड फुगलं, आतली रिंग बाहेरच्या रिंगेत अडकून बसली. फॅनखाली ठेवून, थोडं घासून निघाली. स्क्रू लोखंडी, वर नुसता मुलामा. खारा वारा लागल्यावर गंज धरलाच. नैवेद्यावर झाकायचा रुमाल भरत होते, त्याच्या कडेला तांबूस डाग पडला. लिंबू-मीठ लावून उन्हात टाकला तेव्हा गेला, पण श्रावणात ऊन आणायचं कुठून, दोन दिवस वाट बघितली. त्यानंतर काम संपलं की कापड रिंगेतून काढतेच. सुया सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात.

सोबत क्लिपवाला भिंगाचा दिवा घेतला होता. उजेड चांगला, चार्जिंगचा असल्यामुळे पावसात वीज गेली तरी चालतो. भिंग सुमार, कडेला टाके वाकडे दिसतात. दिवसा ते झाकून ठेवा, खिडकीतलं ऊन त्यातून कापडावर एकवटलं तर जळू शकतं.

दुखऱ्या बोटांसाठी सुई जाड घ्या. सुयांचे आकडे उलटे चालतात, 24 पेक्षा 20 नंबर जाड. मॅटीवर 20 नंबरची बोथट सुई मला पुरते. सुई ओढताना घसरत असेल तर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट तर्जनीवर चढवा. सहा पदरी लडीतून पदर सोडवणंही जिवावर येत असेल तर पर्ल कॉटन दोऱ्याचा गोळा आणा, त्याचे पदर वेगळे करायचे नसतात.

हा स्टँड सगळ्यांना सोयीचा नाही. जमिनीवर मांडी घालून बसलं की फळी तिरकी होते, सरळ पाठीची खुर्चीच हवी. पडवीतल्या झोपाळ्यावरही चालतो, फक्त पोरांना झोका द्यायला मनाई करावी लागते. जाड मांडीवाल्यांना दांडा आखूड पडतो, घेण्याआधी त्याची उंची विचारा. मोठी चादर भरायची असेल तर हा घेऊ नका, कापडाच्या वजनाने रिंग हळूहळू खाली झुकते. रुमाल, उशीचे अभ्रे, तोरण एवढ्यासाठी ठीक. पितळी स्क्रूचा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच मागवा.