थेंब केवढा? पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधाचा आठ महिन्यांचा अनुभव

काल या औषधाची दुसरी बाटली घरी आली, म्हणून लिहायला बसले. पहिली डिसेंबरात घेतली होती. ६० मिली, १८० रुपये, मॅलॅकाइट ग्रीन या हिरव्या रंगाचं, टाकीतल्या माशांच्या अंगावर येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांवर सगळे वापरतात तेच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा तीन-चार बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात, आणि मी जे रडगाणं गाणार आहे ते तुमच्या हातातल्या बाटलीलाही लागू पडू शकतं.

हा छंद माझा नाही. मुलाने बारावीत असताना दोन फुटी टाकी आणली आणि तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. मासे नाशकातच राहिले. चार मॉली, पाच टेट्रा, दोन क्लाउन लोच. (लोच फूटभर वाढतो, एवढ्याशा टाकीत ठेवायचा मासाच नव्हे, हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.) हीटर नव्हता. ‘आपल्याकडे कशाला लागतोय’ हे वाक्य माझंच. डिसेंबरात पाणी २० अंशांवर आलं, त्यात चिरंजीव सुट्टीला आले आणि आणखी दोन मॉली पिशवीतून थेट टाकीत सोडून गेले. आठवड्याभरात लोच दगडाला अंग घासायला लागला. मला वाटलं, खेळतोय. दोन दिवसांनी अंगावर रवा भुरभुरवल्यासारखे ठिपके.

बाटलीवर लिहिलंय: दर १० लिटरला ५ थेंब, ३ दिवस. टाकी ५४ लिटरची, वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी ४४ लिटर. म्हणजे २२ थेंब. मी मोजून टाकले. तीन दिवस टाकले. चौथ्या दिवशी ठिपके दुप्पट. त्या संध्याकाळी रागाच्या भरात मी औषधाला रेटिंगमध्ये दोनच तारे देऊन मोकळी झाले होते. तो राग आज मागे घेते, पण सगळा नाही.

कारण पहिली चूक माझीच होती. फिल्टरमध्ये स्पंजामागे कोळशाची पिशवी असते, ॲक्टिव्हेटेड कार्बन. तो औषध शोषून घेतो. म्हणजे तीन दिवस मी १८० रुपयांचं औषध फिल्टरला पाजत होते. हे बाटलीवर लिहिलेलं आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. दुसऱ्या एका दुकानदाराने सांगितलं तेव्हा भिंग घेऊन वाचलं. कोळसा काढला, पुन्हा २२ थेंब टाकले. सकाळी एक लोच मेलेला, दुसरा आडवा पडून धापा टाकतोय.

आता मुद्द्यावर येते. थेंब केवढा?

घरात औषधाची सिरिंज होती. बाटलीतून २० थेंब वाटीत पाडले आणि ओढून पाहिले: १.६ मिली. तीनदा केलं. दोनदा १.६, एकदा दीड. डॉक्टरांच्या ड्रॉपरचे २० थेंब साधारण १ मिली भरतात हे आम्ही मुलाच्या लहानपणापासून ऐकत आलोय. या बाटलीचं भोक एवढं मोठं की थेंब नव्हे, टपोरा मोतीच पडतो. मिलीचा आकडा लेबलवर कुठेही नाही. कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या मुलाने विचारलं, “मॅडम, किती थेंब टाकले?” मी म्हटलं, “बाळा, आधी तुमचा थेंब केवढा ते सांग.” तो म्हणाला, “मॅडम, थेंब म्हणजे थेंब.”

मेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आलं: २० थेंब म्हणजे १ मिली धरावे. म्हणजे २२ थेंबांचे १.१ मिली हवे होते, मी घालत होते पावणेदोन मिलीच्या वर. त्यातून लोचसारख्या, खवले नावापुरतेच असलेल्या माशांना निम्माच डोस द्यायचा असतो, तो झाला ०.५५. तिपटीहून जास्त औषध त्या जिवाला बसलं. आधीचे तीन दिवस कोळशाने वाचवलं, कोळसा काढला आणि सगळा भार त्याच्यावर आला. मेलला मी उलट उत्तर लिहिलं, जरा लांबच लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचंय.

औषध वाईट नाही, हे मान्य करायला मला जानेवारी उजाडला. निम्मं पाणी बदललं, एक दिवस कोळसा परत लावला, मग सिरिंजने मोजून ०.५५ मिली. सोबत १०० वॅटचा हीटर. सकाळी एक अंश, संध्याकाळी एक अंश असं चढवत २९ पर्यंत नेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि हा रोग कल्ल्यांतही घुसलेला असतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू. अहोंनी विजेच्या बिलाचा विषय काढला. मी म्हटलं, फार तर दिवसाला एक-दोन युनिट, तुमचा गीझर बघा.

चार दिवसांत अंगं स्वच्छ. औषध बंद केलं. आठवड्याने एका टेट्राच्या शेपटीवर तीन ठिपके.

तेव्हा कुठे रात्री बसून नीट वाचलं. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे एकपेशीय परजीवी, माशाच्या कातडीत दडलेला. तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की तो सुटून वाळूत पडतो, भोवती चिकट आवरण करतो आणि आत त्याची शेकडो, कधी हजारभर पिल्लं होतात. आवरणातही औषध पोचत नाही. पिल्लं बाहेर पडून मासा शोधत पोहतात, दोनेक दिवसांत मिळाला नाही तर मरतात. औषधाचा वार बसतो तो एवढ्याच वेळात. हा फेरा पंचविसेक अंशांत आठवड्याच्या आत उरकतो, दहा अंशांत महिन्याहून लांबतो. म्हणजे हीटर काही रोग बरा करत नव्हता, त्यांना लवकर घराबाहेर काढत होता. आणि अंगं स्वच्छ झाली तेव्हा ते सगळे माझ्याच वाळूत निवांत बसलेले होते! लेबलवर मात्र ‘३ दिवस’.

दुसऱ्या फेरीत दिवसाआड नळीने वाळू उपसून पाव पाणी बदललं, मगच डोस. शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस चालू ठेवलं. फेब्रुवारीपासून आजपर्यंत काही नाही. उरलेला लोच धडधाकट आहे. टाकीच्या कोपऱ्यातलं पांढरं सिलिकॉन कायमचं हिरवट झालंय, माझा एक कुडताही. हातमोजे घाला, हे रसायन खायच्या माशांसाठी वापरायला उगाच बंदी नाही. आणि बादली वेगळी ठेवा.

मधे शेजारच्या काकू बाटली मागायला आल्या. त्यांच्या गोल्डफिशला ठिपके. जाऊन बघितलं तर ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीत, आणि मासा मजेत खातोय. वयात आलेल्या नराला विणीच्या दिवसांत असे येतात. औषध दिलं नाही. काकूंना वाटलं, मी बाटली लपवली.

नवी बाटली मुलासाठी आणलीय. त्याला आणखी टेट्रा हवेत. येतील ते आधी तीन आठवडे बाहेरच्या टबात राहतील, हे त्याला सांगून ठेवलंय. बाटली २१० रुपयांना पडली. नवं झाकण आहे, भोक बारीक. लेबल तेच, ५ थेंब. आल्या आल्या वाटी आणि सिरिंज घेऊन बसले. २० थेंबांचे ०.८ मिली भरले.

त्यांना पुन्हा मेल केलाय.