विवो एक्स२०० एफई: एका हातात मावणारा फोन, आणि पुढे काय येईल

पावसाळ्यात शेताच्या बांधावर उभं राहून काम करणाऱ्या कुणी मला फोन विचारला, तर मी विवो एक्स२०० एफई सांगते. मी जावळी तालुक्यात पिकांची पाहणी आणि नुकसानीचे पंचनामे करते. एक हात छत्रीला किंवा टेपला गुंतलेला असतो. फोटो, जागेची नोंद, गट क्रमांक, शेतकऱ्याचं नाव हे सगळं उरलेल्या हाताच्या अंगठ्याने करायचं असतं. म्हणून माझ्यासाठी फोनची पहिली कसोटी म्हणजे अंगठा समोरच्या कडेपर्यंत पोहोचतो का.

दुकानात सगळे इंचांत बोलतात, पण पकड ठरते रुंदीवर. २०११ चा सॅमसंग गॅलक्सी नोट ५.३ इंचांचा होता आणि रुंदी ८३ मिलिमीटर. दहा वर्षांनी आलेला आयफोन १३ मिनी ५.४ इंचांचा, म्हणजे स्क्रीन कणभर मोठीच, तरी रुंदी जेमतेम ६४. बराचसा फरक स्क्रीन उंच आणि अरुंद झाल्याचा, उरलेला स्क्रीनभोवतीच्या काळ्या पट्टीचा. एक्स२०० एफईची स्क्रीन ६.३१ इंच आणि रुंदी साधारण ७२ मिलिमीटर आहे. माझ्या हाताला ही शेवटची हद्द. याहून रुंद फोन धरला की करंगळी खाली टेकू द्यायला जाते आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं.

वजन १८६ ग्रॅम आणि बॅटरी ६५०० एमएएच. या दोन आकड्यांची जोडी पाहूनच मी हा फोन घेतला. याच आकाराच्या गॅलक्सी एस२५ चं वजन १६२ ग्रॅम आहे, पण बॅटरी ४००० ची. चोवीस ग्रॅम जादा वाहून मला सकाळी मेढ्यातून निघाल्यापासून रात्री फोटो चढवेपर्यंत चार्जर शोधावा लागत नाही. करामत सिलिकॉन-कार्बन बॅटरीची. जुन्या बॅटरीत ऋण टोकाला ग्रॅफाइट असतं. सिलिकॉन त्याच वजनात कित्येक पट लिथियम धरून ठेवतं, पण चार्ज होताना प्रचंड फुगतं. ते फुगणं झेलायला त्याला कार्बनच्या सच्छिद्र जाळीत बसवतात. चीनमधल्या कंपन्यांनी हा मार्ग धरला, सॅमसंग आणि ॲपलने निदान एस२५ आणि आयफोन १७ पर्यंत तरी धरलेला नाही.

कॅमेऱ्यातलं तिप्पट झूमचं भिंग मला सर्वांत उपयोगी पडलं. ओढ्याला पाणी असलं की पलीकडचं आडवं झालेलं भात अलीकडून टिपता येतं, लोंबीसकट. रुंद चित्राचा कॅमेरा मात्र ८ मेगापिक्सेलचाच आहे, पूर्ण खाचर एका फोटोत घ्यायचं तर तपशील पातळ होतो. धूळ-पाणी रोखण्याची आयपी६८ आणि आयपी६९ ही मानकं असल्यामुळे सरीत फोन पिशवीत गुंडाळावा लागत नाही. वायरलेस चार्जिंग नाही. मला ते नकोच होतं.

आता पुढचं, म्हणजे माझा अंदाज. ६.३ इंच हाच यापुढे ‘छोटा’ फोन राहील, त्याहून लहान कुणी काढेल असं वाटत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आज ते शक्य आहे. आयफोन १३ मिनीचं घनफळ या फोनच्या पाऊणपट भरतं. त्या हिशेबाने, कॅमेरा आणि मदरबोर्डची जागा सोडूनही, तेवढ्या अंगात आज ४००० एमएएच सहज बसावी. मिनीत २४३८ होती. पण ॲपलने २०२२ मध्ये मिनीची जागा ६.७ इंचांच्या १४ प्लसला दिली, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी त्या आकाराकडे पाठ फिरवली आहे. बायकांचे हात आणि शेतात, बसमध्ये, शिडीवर उभं राहून काम करणारी माणसं यांचा विचार या आखणीत कुठेच नाही, आणि तो व्हायला हवा. बॅटरी मात्र याच आकारात ७००० च्या पुढे जाईल.

किमतीचं चित्र बरं नाही. बाजारात आला तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, हा फोन १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवणीसह ५४,९९९ ला होता, १६ आणि ५१२ चा ५९,९९९ ला. पाच हजारांत एवढी वाढीव मेमरी यापुढे मिळेल असं मला वाटत नाही. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या चिप्सकडे मेमरीचे कारखाने वळले आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. कंपन्या एकतर किंमत वाढवतील किंवा त्याच किमतीत रॅम कमी देतील. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४,९९९ मधले आठ हजारांहून अधिक रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा कर ५ टक्क्यांवर आला, तो योग्यच झाला. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी फोनवरूनच करावी लागते, मग निदान स्वस्त फोनांना तरी ती सवलत का नसावी?

गटाचा नकाशा बघायला टॅबलेट लागतोच. ८.३ इंचांचा आयपॅड मिनी २९३ ग्रॅमचा, २०२४ मध्ये ४९,९०० ला आला. घडीचा गॅलक्सी झेड फोल्ड ७ उघडला की ८ इंच होतो आणि वजन अवघं २१५ ग्रॅम, पण २०२५ मध्ये आला तेव्हा किंमत होती १,७४,९९९. तीन-चार वर्षांत असा घडीचा फोन लाखाच्या आत आला, तर छोट्या टॅबलेटला गिऱ्हाईक उरणं कठीण. बिजागरीत चिखल जाणार नाही अशी सोय होईपर्यंत मात्र शेतात त्याचा उपयोग नाही.

आज घेणाऱ्याने १२ जीबीचाच घ्यावा, पंचनाम्याच्या कामाला तो पुरून उरतो. ५१२ जीबीचा विचार फक्त व्हिडिओ साठवणाऱ्यांनी करावा, कारण यात मेमरी कार्डाची जागा नाही.