‘कोहा’ची देवघेव खिडकी आणि तिच्यातले इशारे

सार्वजनिक ग्रंथालयासाठी संगणकप्रणाली निवडायची वेळ आली की कार्यकारिणीच्या बैठकीत बहुधा दोनच प्रश्न निघतात: खर्च किती येणार आणि मराठी पुस्तकांची नोंद नीट होणार का. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याला मात्र दिवसभर तिसऱ्याच गोष्टीला तोंड द्यावे लागते, ती म्हणजे पडद्यावर घडीघडी उगवणाऱ्या सूचना. सांगलीतील ज्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत मी आहे आणि जिथे संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी टेबलावर मदतीलाही बसतो, तिथे ‘कोहा’ ही प्रणाली वापरात आहे. हे परीक्षण तिच्या फक्त देवघेव विभागाचे, आणि त्यातही तिच्या इशाऱ्यांचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ‘कोहा’चा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टच्या गरजेतून झाला. त्यांची जुनी प्रणाली इसवी सन २००० उजाडताच अडखळणार हे दिसत होते, म्हणून नवी लिहून घेतली गेली आणि जानेवारी २००० मध्ये ती प्रत्यक्ष कामाला लागली. मुक्त स्रोत, म्हणजे मूळ संहिता सर्वांना खुली असल्यामुळे परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हर आणि जोडणी करून देणारा माणूस यांचा खर्च मात्र असतो. आपल्याकडे महाविद्यालयांत गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचे ‘सोल’ आणि सरकारी ग्रंथालयांत ‘एनआयसी’ या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे ‘ई-ग्रंथालय’ या अशाच प्रणाली परिचित आहेत. आम्ही ‘कोहा’ घेतले ते मुख्यतः त्यात स्वतःच्या सोयीने फेरफार करता येतात म्हणून, आणि पुढे त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

प्रणाली जशी बसवून मिळाली तशीच आम्ही सुरुवातीला चालवली. देवघेवीचा क्रम सोपा आहे: सभासदाचे कार्ड स्कॅन करायचे, मग पुस्तकाचा बारकोड, की झाली नोंद. काही अडचण असेल तर मध्येच एक चौकट येते, अडचण सांगते आणि ‘द्यायचे’ किंवा ‘द्यायचे नाही’ असे विचारते. होकारासाठी कळफलकावरची ‘वाय’ दाबली तरी चालते. कागदावर ही रचना चांगली वाटते. प्रत्यक्षात पुस्तक याच सभासदाकडे असून मुदतवाढ हवी असेल तरी तीच चौकट येते, पुस्तक दुसऱ्याच सभासदाच्या नावावर अडकलेले असेल तरी तीच, आणि तिसऱ्याच कुणासाठी राखून ठेवलेले असेल तरीही तीच. पहिल्या प्रसंगात होकार देणे जवळजवळ नेहमीच बरोबर असते, शेवटच्यात जवळजवळ नेहमीच चूक. पण चौकटीचा आकार, रंग आणि बटणांची जागा यांत असा फरक नाही की जो हाताला जाणवेल.

त्यात थकबाकीच्या मर्यादेची भर पडली. किती रक्कम थकली की पुस्तक देणे थांबवायचे, हे ठरवणारी ‘नोइश्यूजचार्ज’ नावाची एक मांडणी ‘कोहा’त आहे आणि तिचे मूळ मूल्य ५ आहे. ज्या देशात ती लिहिली गेली तिथे ५ डॉलर ही दखल घेण्याजोगी थकबाकी असेल. इथे त्याच आकड्याचे ५ रुपये झाले. दिवसाला एक रुपया विलंब शुल्क धरले तरी आठवडाभर उशीर करणारा सभासद अडवला जाऊ लागला. शिवाय जोडणी करून देणाऱ्यांनी ही अडवणूक ओलांडण्याची मुभा सर्व कर्मचाऱ्यांना देऊन ठेवली होती. परिणाम व्हायचा तोच झाला: चौकट आली की ‘वाय’, पुन्हा आली की पुन्हा ‘वाय’.

शनिवारी संध्याकाळी हे जवळून पाहायला मिळते. टेबलासमोर सात-आठ जण उभे, मागून कुणीतरी “जरा पटकन बघा हो, मिरजेची गाडी चुकेल” म्हणतो, आणि टेबलावरच्या ताई डाव्या हाताने पुस्तक उघडून उजव्या हाताने स्कॅनर धरतात. नजर पडद्यावर नसतेच, ती बारकोडच्या चिकटपट्टीवर असते. चौकट उगवते, करंगळीशेजारचे बोट ‘वाय’वर पडते आणि पुस्तक सभासदाच्या पिशवीत जाते. ते पुस्तक दुसऱ्या सभासदासाठी राखीव होते, हे दोन दिवसांनी तो सभासद आल्यावर कळते. “काका, तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं, पण गेलं बघा,” असे सांगण्याची पाळी येते. यात ताईंचा दोष काढण्यात अर्थ नाही. बिनमहत्त्वाच्या प्रश्नांना दिवसभर होकार द्यायला लावणाऱ्या पडद्याने महत्त्वाच्या प्रश्नाला हाताने वेगळे उत्तर द्यावे अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

दुरुस्तीची सुरुवात आम्ही इशारे वाढवून नव्हे, कमी करून केली. थकबाकीची मर्यादा सभासदाच्या अनामत रकमेचा विचार करून बरीच वर नेली, आणि त्या मर्यादेपलीकडे अडवणूक ओलांडण्याचा अधिकार फक्त ग्रंथपाल मॅडमकडे ठेवला. छोटी थकबाकी आता सभासदाच्या पानावर बाजूला दिसते. मागायची तर मागता येते, पण काम थांबत नाही. एवढ्या एका बदलाने टेबलावरच्या चौकटी इतक्या घटल्या की उरलेल्या वाचल्या जाऊ लागल्या.

हरवलेल्या पुस्तकांबाबत ‘कोहा’ने केलेली सोय मला या विभागातली सर्वांत समंजस वाटते. ‘हरवले’ अशी नोंद असलेले पुस्तक कुणी घ्यायला आणले तर काय करायचे, याचे तीन पर्याय ग्रंथालयाला निवडता येतात: काहीच न करणे, नुसता संदेश दाखवणे, किंवा होकार मागितल्याशिवाय पुढे न जाणे. हीच तीन पायऱ्यांची निवड प्रत्येक इशाऱ्याला मिळायला हवी होती. ती मोजक्याच ठिकाणी आहे. सांगलीत या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा खालच्या कप्प्यांतली पुस्तके भिजली, आणि नंतर नोंदी उरकताना कपाटेच्या कपाटे एकगठ्ठा ‘हरवले’ म्हणून लावली गेली. त्यातली काही पुस्तके त्या वेळी सभासदांच्या घरी माडीवर सुखरूप होती आणि सावकाश परत येत राहिली. असे पुस्तक जमा करताना ‘हरवलेले होते, आता सापडले’ एवढी एक ओळ वर येते आणि पुढचा बारकोड स्कॅन होताच नाहीशी होते. जिथे खरोखर थांबून पुस्तक हातात घेऊन पाहायला हवे, तिथे प्रणाली कुजबुजते. आम्ही ती ओळ मोठ्या अक्षरांत आणि ठळक पट्ट्यात दिसेल अशी करून घेतली.

हे करता येते याचे कारण असे की कर्मचाऱ्यांच्या पडद्याचे रूप आणि वागणूक बदलण्यासाठी ‘कोहा’त दोन मोकळ्या जागा ठेवलेल्या आहेत, एकीत रूपासाठी सीएसएस लिहायचे, दुसरीत वागणुकीसाठी जावास्क्रिप्ट. प्रणालीच्या मूळ संहितेला हात लावावा लागत नाही. आम्ही राखीव पुस्तकाच्या चौकटीला जाड लाल किनार दिली, होकाराचे बटण उजवीकडून डावीकडे हलवले, त्याची ‘वाय’ कळ काढून टाकली आणि वर मराठीत वाक्य घातले: ‘हे पुस्तक दुसऱ्या सभासदासाठी राखीव आहे. देऊ नका.’ अडचण काय आहे ते सांगणारी सूचना आणि आता काय करा ते सांगणारी सूचना यांत टेबलावर बसणाऱ्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक पडतो. केवळ रंगावर भिस्त ठेवली नाही, हेही बरे झाले, कारण आमचा जुना मॉनिटर लाल आणि केशरी यांत भेद करत नाही. देवनागरी नावांसाठी अक्षरांचा आकार आणि दोन ओळींमधली जागाही वाढवली. वेलांट्या आणि रफार एकमेकांत घुसू लागले की दोन भाग असलेल्या कादंबरीचा कोणता भाग दिला ते यादीवरून ओळखता येत नाही.

आवाजाचे इशारे हे ‘कोहा’चे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पडद्यावर कोणत्या प्रकारचा संदेश आला की कोणता आवाज वाजवायचा, हे व्यवस्थापनाच्या पानावर नेमून देता येते. नजर बारकोडवर असलेल्या माणसाला कानाने सावध करणे ही कल्पना मुळात उत्तम आहे. अडचण आमच्या इमारतीची होती: टेबलाला लागूनच अभ्यासिका आहे, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी प्रत्येक यशस्वी नोंदीवर वाजणारी टिकटिक दोन दिवसही सहन केली नाही. मग यशाचा आवाज बंद केला आणि फक्त अडवणुकीचा ठेवला. तो क्वचित वाजतो म्हणूनच उपयोगी पडतो. अभ्यासिकेतून अद्याप तक्रार नाही.

दिवाळी अंकांच्या दिवसांत मात्र या विभागाची खरी परीक्षा होते. अंक येतात गठ्ठ्याने, सभासदांना हवे असतात त्याच दिवशी, आणि सूचीत नोंद व्हायची राहिलेली असते. अनोळखी बारकोड स्कॅन झाला की ‘कोहा’ तो सापडत नसल्याचे सांगते आणि तिथल्या तिथे झटपट नोंद करण्याचा दुवा पुढे करते. सोय म्हणून ती चांगली आहे, पण बारकोड नीट न वाचला गेल्यामुळे चुकलेला आकडाही तिला अनोळखी पुस्तकच वाटतो. गडबडीत त्या दुव्यावर गेले की नाव नसलेल्या, अर्धवट नोंदींची रास सूचीत साचते आणि ती निस्तरण्यात पौष उजाडतो. आम्ही दिवाळीपुरता तो दुवा ठेवतो आणि एरवी लपवतो. याहून चांगला उपाय, म्हणजे आकडा आपल्या दाखल क्रमांकांच्या मालिकेत बसतो का ते आधी तपासून मगच दुवा दाखवणे, प्रणालीनेच करायला हवा.

सभासदांना जाणाऱ्या सूचनांबद्दल दोन शब्द. मुदत संपण्यापूर्वी, मुदतीच्या दिवशी आणि मुदत उलटल्यावर तीन टप्प्यांत संदेश पाठवण्याची सोय ‘कोहा’त आहे. ईमेल विनासायास जाते, पण आमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी ते उघडणारे थोडेच. एसएमएससाठी दूरसंचार नियमांनुसार डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि प्रत्येक मसुद्याची आगाऊ नोंदणी करावी लागते, त्यामुळे मसुदा मनात आला तसा बदलता येत नाही. मराठी संदेशाचा खर्चही जास्त: रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. पुस्तकाचे नाव, मुदतीची तारीख आणि ग्रंथालयाचे नाव घातले की दोन संदेशांचे पैसे ठरलेलेच. एका सभासदाच्या सर्व पुस्तकांचा मिळून एकच संदेश पाठवण्याचा पर्याय निवडल्यावर खर्च आटोक्यात आला.

ही प्रणाली घेऊ पाहणाऱ्या ग्रंथालयांनी एक धोका लक्षात ठेवावा. ‘कोहा’च्या मोठ्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येतात, आणि वर सांगितलेले फेरफार मूळ पडद्याच्या रचनेला चिकटलेले असतात. २२.११ या आवृत्तीत कर्मचाऱ्यांच्या पडद्याचे रूप पुष्कळ बदलले, त्यामुळे जुन्या रचनेवर बेतलेले फेरफार तसेच पुढे चालतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरफार कशासाठी केला ते साध्या वहीत लिहून ठेवावे, आणि नवी आवृत्ती बसवणाऱ्याकडून काम ताब्यात घेण्यापूर्वी एक राखीव, एक हरवलेले आणि एक मुदत उलटलेले अशी तीन पुस्तके त्याच्यासमोर प्रत्यक्ष स्कॅन करून दाखवायला सांगावीत. स्कॅनर बारकोडनंतर आपोआप ‘एंटर’ पाठवतो, तेव्हा चौकट उघडी असताना चौथे पुस्तक स्कॅन केले तर ती उत्तर न देताच मिटते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.