लबाडी की स्वतःचीच फसवणूक?

सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कुणी 'फुकट वीज देणारं' यंत्र दाखवलं, तर आधी बघा, झाकण उघडू देतात का. लबाड माणूस उघडू देत नाही. फिलाडेल्फियाच्या जॉन कीलीनं नव्याच शक्तीवर चालणारं इंजिन दाखवून गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षं झुलवलं. १८९८ मध्ये तो वारल्यावर प्रयोगशाळेच्या तळघरात भलामोठा पोलादी गोळा सापडला. दाबलेल्या हवेची टाकीच असावी ती.

स्वतःला फसवणारा मात्र झाकण स्वतःहून उघडतो, चहा पाजतो, मीटर पुढे करतो. गोची त्या मीटरमध्येच असते. स्वस्त मल्टीमीटर साइन वेव्ह, म्हणजे विजेची गुळगुळीत, एकसारखी लाट गृहीत धरतो. कॉइलमधून टोकदार झटके येत असले की आकडा भलताच दाखवतो. त्यात फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या चढउतारांतलं अंतर, न बघता व्होल्ट गुणिले अँपिअर केलं, की वीज कागदावर वाढते. पॉन्स आणि फ्लाइशमन तर नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ. १९८९ मध्ये त्यांनी थंड संलयनाचा, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जोडून उष्णता मिळवल्याचा दावा केला, पण तेवढ्या उष्णतेसोबत यायला हवे होते ते न्यूट्रॉन दिसलेच नाहीत.

मला दुसऱ्या प्रकाराची जास्त काळजी वाटते. लबाडावर पोलिसात तक्रार करता येते. प्रामाणिक माणूस घर गहाण टाकतो, नातेवाइकांचे पैसेही त्यात घालतो. त्याला एवढंच सांगा: बॅटरी पूर्ण काढा आणि यंत्र रात्रभर चालवून दाखवा.