१००० वॅटचा एसएमपीएस: नागपूरचा अख्खा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळा गेला, पावसाळाही संपत आलाय, त्यामुळे आता खात्रीने लिहितो. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या भागांना पुरवणारा डबा, म्हणजेच पॉवर सप्लाय. माझं मशीन गेमिंगचं नाही, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे रेंडर लावतो आणि ते रात्रभर चालतं. प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०९०. आधी ८५० वॅटचा एसएमपीएस होता, त्यावर ८० प्लस या एफिशियन्सी रेटिंगचा गोल्ड स्टिकर पण होता, आणि तरी रेंडर सुरू झालं की कधीतरी मधेच पीसी धप्पकन बंद. एरर नाही, ब्लू स्क्रीन नाही, सरळ बंद. दुकानदार म्हणाला, "८५० आहे ना भाऊ, अजून किती पाहिजे, रॅम बदलून बघा." रॅमचा काही संबंध नव्हता.

त्या ८५० वॅटच्या बाजूचं लेबल वाचलं तर १२ व्होल्टला ६२ अँपिअर. गुणाकार करा, ७४४ वॅट. उरलेले शंभरेक वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवलेले, आणि आजच्या मशीनमधे तिथे फार काही खर्चच होत नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच ओढतात. म्हणजे माझ्या कामाचा आकडा ७४४ होता, ८५० नाही. आता जो घेतलाय त्यावर १२ व्होल्टला ८३.३ अँपिअर आहे, म्हणजे पूर्ण १००० वॅट एकट्या १२ व्होल्टवर. एसएमपीएस घेताना मी आता आधी एवढंच बघतो, बाकी सगळं नंतर.

आता कोणी म्हणेल की ३०९० चं रेटिंग ३५० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त १४२, मग ७४४ पण भरपूर झाले. सरासरीने भरपूरच आहेत, भिंतीला वॉटमीटर लावून मोजलं तर दोन्हीवर फुल लोड असताना ६०० च्या आतबाहेर दिसतं. पण हे कार्ड एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ ५०० च्या वर उडी मारतं, ती वॉटमीटरला दिसतच नाही पण एसएमपीएसच्या प्रोटेक्शनला (जास्त लोड आला की सप्लाय बंद करणाऱ्या सर्किटला) दिसते, आणि प्रोटेक्शन फार घट्ट लावलेलं असेल तर ते ट्रिप होतं. ३०९० आल्यावर जगभर लोकांना हाच त्रास झाला, म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या स्टँडर्डमधे लिहूनच टाकलं की १६ पिनच्या नव्या कनेक्टरवाल्या मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता रेटिंगच्या दुप्पट लोड झेलला पाहिजे. नवीन घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ च घ्या, यात तडजोड नको.

८० प्लसबद्दल खूप गैरसमज आहे. गोल्ड म्हणजे दणकट असं नाही, गोल्ड म्हणजे फक्त एफिशियन्सी, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीपर्यंत पोचते ते, ११५ व्होल्टच्या टेस्टला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर ८७, ९०, ८७ टक्के. रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली बारीक थरथर) किती, प्रोटेक्शन कधी चालू होतं, हे तो बॅज सांगत नाही. २०२१ मधे गिगाबाइटने स्वतःच पी७५०जीएम आणि पी८५०जीएमचं ओव्हर पॉवर प्रोटेक्शन १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणलं, आणि ते दोन्ही गोल्डच होते. आणि ती टेस्ट होते २३ डिग्रीला. नागपुरात मे महिन्यात २३ डिग्री कुठून आणायचे? बाहेर ४५, खोलीत कूलर लावून सुद्धा ३५, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून डब्यावर १००० वॅट किती डिग्रीला दिलेत ते शोधा. माझ्यावर ५० डिग्री, कंटिन्युअस असं स्पष्ट छापलंय. जिथे डिग्री लिहिलेलीच नाही किंवा नुसतं 'मॅक्स' किंवा 'पीक' लिहिलंय तो मी हातात पण घेणार नाही.

वापरताना कसा आहे? मे महिन्यात रात्रभर रेंडर लावले, एकदाही बंद पडला नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. फुल लोडला मल्टीमीटरने १२ व्होल्टची लाइन बघितली, १२.०५ च्या आसपास, जुन्यावर ११.६ पर्यंत खाली यायची (११.४ पर्यंत चालतं, पण मला ते आवडत नव्हतं). कमी लोडला फॅन बंदच राहतो, हिवाळ्यात छान वाटेल पण उन्हाळ्यात तो सारखा चालू-बंद चालू-बंद करायचा, त्याचाच जास्त त्रास, शेवटी मागचं बटण दाबून फॅन कायम चालू ठेवला. केबल फार कडक आहेत, मागची बाजू बंद करताना अक्षरशः गुडघा लावावा लागला. किंमत १५ हजारांच्या घरात, स्वस्त अजिबात नाही.

वीजबिलाच्या नावाने गोल्ड विकतात त्याचा हिशोब पण सांगतो. ४०० वॅट लोडला ब्रॉन्झ (८० प्लसची गोल्डपेक्षा खालची पातळी) ८५ टक्के धरला तर भिंतीतून ४७० ओढणार, गोल्ड ९० टक्के धरला तर ४४४. २६ वॅटचा फरक, रोज ८ तास धरले तर वर्षाला ७६ युनिट, दहा रुपये युनिटने ७६० रुपये. माझ्यासारखं रोज चालवणाऱ्याला परवडतं, संध्याकाळी तासभर खेळणाऱ्याने या कारणासाठी जास्त पैसे घालू नयेत, त्यापेक्षा वॉरंटी बघा, माझ्यावर १० वर्षं आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच सिरीजमधे ७५० वेगळ्या कारखान्यातून आणि १००० वेगळ्या कारखान्यातून बनून आलेला असू शकतो, माझं बघून तुम्ही छोटा घेतलात तर आतला माल वेगळाच निघायचा. ज्या वॅटचा घ्यायचाय त्याच मॉडेलचा रिपोर्ट ८० प्लसच्या किंवा सायबेनेटिक्सच्या (हेही सप्लाय तपासून रेटिंग देतात) साइटवर शोधा, तिथे नाव नसेल तर स्टिकरवर विश्वास ठेवू नका.

यूपीएस असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का बघा, साध्या यूपीएसवर लाईट गेल्या क्षणी ॲक्टिव्ह पीएफसीवाला (भिंतीतून ओढलेला करंट साइन वेव्हसारखा ठेवणाऱ्या सर्किटचा) सप्लाय कधीकधी बंद पडतो, आणि १००० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ६०० वॅटचाच असतो. आणि एसएमपीएस बदलताना जुन्या मॉड्युलर (सप्लायमधून काढता येणाऱ्या) केबल तशाच ठेवून नवीन डबा लावायचा आळस कृपा करून करू नका, कार्डाकडची बाजू सारखी असते पण सप्लायकडच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डेटासकट डिस्क गेली.