कारखान्याची जुनी जमीन: आधी कागद की आधी बोअर?

बंद कारखान्याच्या जागी घरं बांधायची तर तपासणीच्या दोन वाटा. पहिली स्वस्त: जुने नकाशे, परवाने, निवृत्त कामगारांच्या आठवणी. टाकी कुठे पुरली, सांडपाणी कुठे सोडलं ते कळतं. विष किती मुरलं ते नाही.

दुसरी महाग: बोअर मारून माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवायचं. आकडा हाती येतो, पण जागा चुकली तर ‘निर्धोक’ अहवालही फसवाच. शिसं बहुधा वरच्या थरात अडकतं. ट्रायक्लोरोइथिलीन हे धातूवरचं ग्रीस धुवायचं रसायन मात्र पाण्यापेक्षा जड (घनता सुमारे १.४६), खोल उतरतं आणि त्याची वाफ पुढे घरात शिरू शकते. मीटरभर खणून ते सापडेलच असं नाही.

लहान शहराची तिजोरी बेताची, म्हणून मी कागदांपासून सुरुवात करेन. मग मोजकेच बोअर, संशयाच्या जागी.